पाटी सोडून बोल

"पाटी सोडून बोल."

मी अजून तोंडसुद्धा उघडलेलं नसायचं. गाडी गॅरेजच्या दारात येऊन थांबलेली असायची, बोनेटच्या फटींतून वाफ भसाभसा बाहेर पडत असायची, आणि चेअरमन काच चार बोटं खाली करून मला आधीच बजावून ठेवायचे. मग डोक्यावरची टोपी काढायची, तिनंच कपाळ पुसायचं, टोपी परत डोक्यावर ठेवायची आणि विचारायचं, "हां, आता सांग मिस्त्री. का गरम होती गाडी?"

याला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा. पिऊन पिऊन लिव्हर सुजलेला माणूस डॉक्टरला म्हणतो, दारू सोडून दुसरं काय कारण असंल ते सांगा. त्यातलाच हा प्रकार.

चेअरमन हल्ली गावात नसतात, मुलाकडे पुण्याला असतात. म्हणून एवढं मोकळेपणानं लिहितोय. इथं असते तर हे लिखाणसुद्धा पाटी वगळून करावं लागलं असतं.

शिरूर-दौंडच्या पट्ट्यात राहत असाल तर अशी गाडी तुम्हीही पाहिली असणार. पांढरी, सात माणसांची, तळेगाव ढमढेरेच्या एका प्लॉटिंगवाल्याकडून सेकंडहँड घेतलेली. गाडीत खोट नव्हती. रेडिएटरला वारा लागावा म्हणून गाडीच्या तोंडावर जाळी असते, एवढं शास्त्र माझ्या गॅरेजसमोरच्या चहावाल्यालाही ठाऊक आहे. चेअरमननी त्या जाळीवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, पत्र्याची लाल पाटी नटबोल्टनं आवळून बसवली होती. वाऱ्यानं आत शिरावं कुठून?

पाटीवर मधोमध सोनेरी अक्षरांत 'चेअरमन'. त्याच्या शेजारी 'माजी', पण ते इतकं बारीक की वाचायला माणसाला चाकाखालीच यावं लागेल. त्याखाली यात्रा कमिटीचे अध्यक्ष, शाळा समितीचे सदस्य, तरुण मंडळाचे आधारस्तंभ. आणि सगळ्यात खाली वीतभर जागा कोरी.

"चेअरमन, ती कोरी जागा तरी कापू द्या," मी एकदा हात जोडून म्हणालो. "तेवढाच वारा लागंल इंजिनाला."

"खुळा हायस का? तिथं झेडपी यायचीय."

झेडपी काही आली नाही. वाराही आला नाही.

त्यांच्या चेअरमनकीचीही एक कथाच आहे. गावच्या विकास सोसायटीची निवडणूक बिनविरोध करायची म्हणून गावानं तोडगा काढला होता, की चेअरमनकी सगळ्या गटांनी वाटून घ्यायची. ज्याची पाळी संपेल त्यानं राजीनामा द्यायचा आणि पुढच्याला खुर्ची मोकळी करून द्यायची. ठरताना सगळे गुळासारखे गोड बोलले. पण खुर्चीत बसलेला माणूस वेळेवर उठतो होय? प्रत्येकजण थोडा थोडा जास्त बसला, आणि ह्यांच्या वाट्याला शेवटचं शेपूट आलं. त्यातलंही निम्मं आचारसंहितेनं खाल्लं. त्यांच्या कारकिर्दीत एकच ठराव मंजूर झाला, तो दुखवट्याचा. पण चेअरमनकी ती चेअरमनकी. आमच्याकडे माणूस एकदा चेअरमन झाला की तो मरेपर्यंत चेअरमन. घरची बाईसुद्धा फोनवर "चेअरमन जेवत्यात" असंच सांगते.

तर पाटी सोडून मी त्या गाडीचं काय काय केलं! रेडिएटर नवा टाकला. वॉटर पंप बदलला. हेड उतरवून गॅस्केट बदललं. पंखा मोठा बसवला. पाटीच्या मागचं सगळं बदलून झालं, पाटी तेवढी जुनी राहिली. गॅरेजवर चहाला येणारा प्रत्येकजण डॉक्टर. कुणी म्हणे डिझेलमध्ये भेसळ आहे, कुणी म्हणे गाडीला नजर लागलीय, लिंबू बदला. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळेजण पाटी सोडूनच बोलत होते. चेअरमनला वाईट वाटायला नको. आमचा तालुका फार मायाळू आहे हो!

कुणीतरी सांगितलं, रेडिएटरमध्ये हळद टाका, बारीक लीक असलं तर बुजतं. चेअरमननी घरातली डबाभर हळद ओतली. दुसऱ्या दिवशी गाडी माझ्या दारात उभी केली आणि मी नको नको म्हणत असताना स्वतःच झाकण फिरवलं. पिवळंधमक पाणी फर्रकन वर उडालं. नशीब, कुणाला भाजलं नाही. पण माझा शर्ट पिवळा, चेअरमनची टोपी पिवळी, चहावाल्याच्या बरण्या पिवळ्या. त्यांच्या मंडळी गाडीत बसल्या होत्या. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. काकू खिडकीतून म्हणाल्या, "चला, या वयात पुन्यांदा हळद लागली म्हणायची."

काकूंची जागा ठरलेली होती. मधल्या सीटवर, खिडकीशी, मांडीवर पाण्याचा कॅन. लग्नाला जाताना भरजरी लुगडं आणि मांडीवर कॅन. गाडी उकळली की चेअरमन बोनेट उघडणार, काकू खाली उतरून कॅन पुढं करणार. भांडण नाही, तक्रार नाही. कधीतरी एखादं वाक्य तेवढं टाकायच्या, पण ते बरोबर जागेवर बसायचं.

एकदा चेपलेला बंपर ठोकायचा म्हणून मी पाटी उतरवली आणि गाडी मांडवगण फराट्यापर्यंत पळवून आणली. तापमानाची सुई निम्म्याच्या वर सरकली नाही. संध्याकाळी चेअरमन आले तेव्हा मी फुशारकीनं सांगितलं.

"सुई खालीच राह्यली म्हंतोस?"

"व्हय, चेअरमन. एकदम थंड."

"आन् रस्त्यानं रामराम किती झालं?"

मी आठवून बघितलं. "एकबी न्हाई."

"मग?" ते म्हणाले. टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी घातली. "लाव ती पाटी."

त्यांचं काही अगदीच चूक नव्हतं, हेही सांगायला पाहिजे. तुम्ही आमच्याकडच्या लग्नाला आला असाल तर तो माईकवाला तुम्ही ऐकलाच असेल. अक्षता पडेपर्यंत तो येणाऱ्यांची नावं घेत असतो. त्याला सगळी माणसं थोडीच ओळखता येतात? तो मंडपाच्या गेटकडे बघतो आणि गाडीवरच्या पाट्या वाचतो. "आत्ताच आपल्यामध्ये आगमन झालेलं आहे, चेअरमनसाहेबांचं, सपत्नीक! त्यांचं सहर्ष स्वागत!" की मग फेटा, नारळ, पुढची खुर्ची. चेअरमन गेटवर गाडी उभी करायचे आणि नाव कानावर येईपर्यंत उतरायचे नाहीत. इंजिन चालू, एसी चालू, सुई लाल रेघेवर.

राहू गावच्या एका लग्नात तर कहर झाला. माईकवाला एका आमदाराच्या स्वागतात अडकला होता, नाव काही येईना. चेअरमन हटून बसले. शेवटी बोनेटमधून जो धूर निघाला तो थेट मंडपात शिरला. कॅमेरावाल्यांना वाटलं, नवरदेवाची एंट्री. दोघं धावत आले, वरून ड्रोन आला, डीजेवाल्यानं गाणं सोडलं. आणि त्या धुरातून कोण प्रकट झालं, तर हातात कॅन घेतलेल्या काकू. नवरदेव बिचारा घोड्यावर मागेच राहिला. त्या लग्नाची सीडी चेअरमननी मागून घेतली, असं म्हणतात.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं तोवर काकूंच्या दोन्ही किडन्या गेल्या.

आठवड्यातून दोनदा दौंडला डायलिसिसला न्यायचं ठरलं. म्हणजे भर दुपारची ती वाट, नदीवरचा पूल, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं रांगत जायचं. पाटीवाली गाडी थंडीतही उकळायची, मग उन्हाळ्यात काय सांगायचं? जाताना एकदा, येताना एकदा, गाडी रस्त्याच्या कडेला उभी. काकू बाभळीखाली. मशीनवरून उठलेलं माणूस किती गळून जातं ते ज्यांच्या घरी आहे त्यांना विचारा.

आणि त्यात पाण्याचं पथ्य. किडनी गेली की प्यालेलं पाणी अंगातच राहतं, पाय सुजतात, दम लागतो. म्हणून डॉक्टरांनी काकूंना दिवसाचं पाणी मोजून दिलं होतं. फुलपात्रानं प्यायचं. औषधाच्या गोळीला लागेल तेही त्यातच. आणि मांडीवर काठोकाठ भरलेला कॅन. मला एकदा हसत म्हणाल्या, "बघ मिस्त्री, गाडीनं कितीबी प्यावं. तिला पथ्य न्हाई."

मला हसू आलं नाही. मी चेअरमनला बाजूला घेऊन म्हणालो, "आता तरी ऐका."

"पाटी सोडून बोल," ते म्हणाले. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. "तुला म्हाईत न्हाई. दौंडच्या दवाखान्याचा वॉचमन पाटी बघूनच गेट उघडतो. न्हाईतर गाडी लांब लावून तिला उन्हातनं चालवत न्यायला लागंल. पाटी हाय म्हणून गाडी पार दारात जाती."

दारात जाते हे खरं. पण दारापर्यंत पोचायलाच नको का? मी तसं बोललोही. त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि चहावाल्याकडे निघून गेले.

मग मी काकूंना गाठलं. म्हटलं, तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील. त्या गॅरेजपुढच्या बाकड्यावर बसल्या होत्या. पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाल्या, "राहू दे बाबा. पाटी काढली तर ते कुठं जायचं न्हाईत. घरात बसत्याल. घरात बसले की माझ्या तोंडाकडं बघत बसत्याल. दोघांनी मिळून माझं दुखणं बघत बसायचं का? त्यापरीस गाडी उकळंल ती बरी."

म्हणजे आता बोला! तो माणूस पाटी सोडत नव्हता, आणि जिच्यासाठी सोडायची ती बाई त्याला सोडू देत नव्हती. मला दोघांचाही राग आला. गॅरेज चालवणं सोपं, संसार चालवणं अवघड, असं मी त्या दिवशी चहावाल्याला सांगितलं. तो म्हणाला, तुला हे आज कळलं होय?

चैत्रातली गोष्ट. चेअरमनचा फोन आला, पुलाच्या पलीकडे गाडी बसलीय, रेडिएटरचा होज पाइप फाटलाय, लवकर ये. मी मोटारसायकलवर सामान टाकून गेलो. गाडी रस्त्याच्या कडेला, बोनेट उघडं. दौंडहून परत येत होते. चेअरमन बोनेटमध्ये वाकून कुणाला तरी फोनवर ओरडत होते, की माझ्या ओळखी कुठपर्यंत आहेत ते तुला ठाऊक नाही. काकू थोड्या अंतरावर बाभळीच्या विरळ सावलीत दगडावर बसल्या होत्या, कॅन पायाशी.

मी होज काढायला घेतला. चेअरमन फोन ठेवून माझ्या शेजारी आले. बोनेट उघडं असलं की त्याच्या खालच्या फटीतून पलीकडचं दिसतं. त्या फटीतून आम्हाला काकू दिसल्या.

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. लहान पोरगं साखरेच्या डब्याला हात लावण्याआधी बघतं तसं. मग कॅनचं झाकण उघडलं, पदराचं टोक आत बुडवलं, पिळलं, आणि ओठांवर धरलं. प्याल्या नाहीत. नुसतं धरलं. डोळे मिटले होते. मग पदर नीट झटकून पुन्हा खांद्यावर घेतला आणि कॅनचं झाकण घट्ट लावलं.

मी मान खाली घातली. चेअरमन बघत राहिले.

तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर गेला. वरून कुणीतरी ओरडलं, "रामराम, चेअरमन!" एरवी अशा वेळी त्यांचा हात आपसूक वर जायचा, झोपेतसुद्धा जात असेल. त्या दिवशी गेला नाही.

"मिस्त्री," ते म्हणाले, "पाना दे."

"कशाला? मी करतोय की."

"दे म्हंतो ना."

मी दिला. ते गाडीच्या पुढं उकिडवे बसले आणि पाटीचे बोल्ट खोलायला लागले. बोल्ट गंजलेले. मी म्हणालो, तुम्ही सरका, मी खोलतो. त्यांनी कोपरानं मला मागं सारलं. शेवटचा बोल्ट काही केल्या फिरेना, तेव्हा त्यांनी पाना फेकून दिला, पाटी दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. पत्रा वाकला, बोटं कापली, पण पाटी निघाली. ती त्यांनी मागच्या सीटखाली सरकवली, अक्षरं खाली करून.

काकू गाडीत बसायला आल्या. पुढची उघडी जाळी त्यांनी पाहिली. नवऱ्याच्या बोटांवरचं रक्तही पाहिलं.

"पाटी कुठंय?"

"धुवायला काढलीय."

"बरं," काकू म्हणाल्या.

त्यानंतर ती गाडी कधी उकळली नाही. माझ्याकडे येणंच बंद झालं म्हणा ना. मधे एकदा ऑइल बदलायला आले तेव्हा काकूंच्या मांडीवर कॅन नव्हता, एक उशी होती. गाडीत झोप लागते म्हणाल्या. दौंडचा वॉचमन आता गेट उघडत नव्हता. गाडी लांब लावून चेअरमन त्यांना दंडाला धरून चालवत न्यायचे, वर छत्री. "चालताना कुणाशी बोलायलाबी थांबत न्हाईत," काकू कौतुकानं म्हणाल्या. "मला वाटलं, माणूस बदलून दिला का काय दवाखान्यानं!"

तळेगावच्या एका लग्नालाही दोघं जाऊन आले. माईकवाल्यानं नाव घेतलं नाही. घेणार कसं? कोण एक म्हातारा-म्हातारी गाडी शेतात लावून चालत आली, त्यांचं कसलं आगमन! चेअरमन मागच्या रांगेत बसले. मी काळजीनं विचारलं, तर उत्तर काकूंनीच दिलं. "अरे, पयल्यांदा जिलबी गरम मिळाली. एरवी ह्यांचा सत्कार होईस्तवर पंगत उठलेली असायची." चेअरमन शेजारी उभे होते. टोपी काढली, कपाळ पुसलं, काहीतरी बोलायला गेले आणि नुसतेच हसले. तसं हसू मी त्यांच्या चेहऱ्यावर आधी पाहिलं नव्हतं.

पावसाळा लागायच्या आत काकू गेल्या.

दहावा नदीच्या घाटावर झाला. आमच्याकडचा दहावा तुम्हाला माहीत असेलच. पिंडाला कावळा शिवायच्या आधी पुढारी शिवून जातात. महाराजांचं प्रवचन झालं आणि श्रद्धांजलीला सुरुवात झाली. माईक इथंही होता, आणि माईकवालाही तोच, लग्नातला. आवाज फक्त थोडा खाली आणलेला. "आत्ताच आपल्यामध्ये आगमन झालेलं आहे..." एक आले, त्यांनी पुलाच्या रस्त्याचं काम मंजूर झाल्याचं सांगितलं. दुसरे आले, त्यांनी ते काम मुळात आपणच सुचवलं होतं हे सांगितलं. तिसऱ्यांनी मृतात्म्याला शांती चिंतली आणि येत्या निवडणुकीत लक्ष ठेवायची विनंती केली. "चेअरमनसाहेबांच्या सौभाग्यवती" असं सगळेच म्हणाले. काकूंचं नाव एकाच्याही तोंडात आलं नाही. बहुतेकांना ते माहीतच नसावं.

शेवटी माईकवाला म्हणाला, "आता कुटुंबीयांच्या वतीनं आभार मानतील, स्वतः चेअरमनसाहेब."

घाटावर चुळबुळ झाली. चेअरमनचं भाषण म्हणजे काय असतं ते गावाला माहीत होतं. मागचे दोघंतिघं तंबाखू मळायला उठले. कुणी घड्याळ बघितलं. मलाही वाटलं, आता सोसायटीपासून सुरुवात होणार.

चेअरमन उठले. डोक्याला टोपी नव्हती. माईक हातात घेतला आणि सवयीनं त्यावर बोटानं टकटक केली. समोर सगळा तालुका बसलेला, पुढच्या रांगेत सगळे पुढारी. एवढा मोठा श्रोतृवर्ग त्यांना आयुष्यात कधी मिळाला नव्हता.

"तिला," ते म्हणाले, आणि थांबले.

त्यांनी परत सुरुवात केली.

"तिला लई तहान लागायची."

माईक तोंडाशी तसाच, स्पीकरमधून नुसता श्वास ऐकू येत होता. तंबाखू मळणारे हात थांबले. बायकांच्या बाजूनं एक हुंदका आला. मी रडलो, उगाच खोटं कशाला बोलू. मग त्यांनी माईक हळूच टेबलावर आडवा ठेवला आणि घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्यापाशी जाऊन बसले, आमच्या सगळ्यांकडे पाठ करून.

घाटावर कुणी हलेना. माईकवाल्याला मात्र शांततेची सवय नव्हती. त्यानं खाकरून माईक उचलला, रस्त्याकडे बघितलं, आणि नुकत्याच येऊन थांबलेल्या एका गाडीची पाटी वाचायला सुरुवात केली.